मासा लागेपर्यंतची फिल्म

इथे आपण जुने वाडे, शाळा, गणपती, लग्नं यांच्या आठवणी लिहितो. आज मी एक मत मांडणार आहे आणि विषय जरा वेगळा आहे: हौसेने मासे गरवण्याच्या फिल्म्स. हसू नका. निवृत्तीनंतर दुपारी टीव्हीसमोर बसून मी अशा कितीतरी पाहिल्या आहेत. त्यातल्या काही दोन-तीनदा पाहिल्या, आणि बऱ्याच पाच मिनिटांत बंद केल्या.

माझं म्हणणं सरळ आहे. मासा लागण्याआधीचा वेळ जी फिल्म जपते, तीच बघवते. जी तो वेळ कापून टाकते, तिने हत्तीएवढा मासा दाखवला तरी दुसऱ्यांदा पाहावीशी वाटत नाही.

माझं माहेर रायबंदरचं. वडील, म्हणजे आमचे अण्णा, मराठी शाळेत मास्तर. आठवडाभर खडू आणि रविवारी गरी. पणजीच्या पाटोपासून रायबंदरपर्यंत पोर्तुगीजांनी 1633-34 साली बांधलेला लांब बांध आहे ना, तिथे ते जाऊन बसायचे. दांडी-बिंडी काही नाही, रिकाम्या डब्याला गुंडाळलेली दोरी, शिशाचा तुकडा आणि आमिषाला जिवंत सुंगट. मी स्वतः गरी फारशी टाकली नाही, पण शेजारी बसून पाहिली आहे भरपूर.

आता माझा चौदा वर्षांचा नातू मोबाइलवर मासेमारी दाखवतो. पहिल्या तीन सेकंदांत दांडी वाकते, धाडधाड संगीत सुरू होतं, मासा बाहेर, अंगठा वर, संपलं. मी विचारते, "भरती होती की ओहोटी? आमिष काय लावलं होतं? किती वेळ बसला होता तो?" नातू म्हणतो, "आजी, ते दाखवलंच नाही." तेच तर! कुणी न कमावलेला मासा बघण्यात गंमत कसली? बाजारात पाटीवर मासा दिसतो तसाच तो.

याउलट ब्रॅड पिट असलेली 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' आठवा. नॉर्मन मॅक्लीन यांच्या 1976 च्या कथेवरून रॉबर्ट रेडफर्ड यांनी 1992 साली केलेली. मोंटानातला एक पाद्री बाप आपल्या दोन मुलांना गळ फेकायला शिकवतो. तेही मेट्रोनोमच्या ठेक्यावर, चार मात्रा मोजत, हात घड्याळाच्या दहा आणि दोनच्या मधेच हलवत. हे शिकवणं आपण निवांत पाहतो. म्हणूनच शेवटी धाकटा मुलगा मोठ्या ट्राउटमागे प्रवाहात वाहत जातो, तेव्हा तो काय करतोय हे ज्याने आयुष्यात गळ पाहिला नाही त्यालाही कळतं. त्या फिल्मला छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं, पण माझ्या मते तिचा जीव त्या शिकवणीत आहे.

बीबीसीची 1993 ची 'अ पॅशन फॉर अँगलिंग' ही मालिका तशीच. ख्रिस येट्स आणि बॉब जेम्स हे दोन मित्र इंग्लंडातल्या तळ्या-नद्यांकाठी बसतात, चहा करतात, एकमेकांची टर उडवतात. येट्स म्हणजे साधासुधा माणूस नव्हे, 1980 साली साडेएकावन्न पौंडांचा कार्प पकडून त्याने ब्रिटनचा विक्रम केला होता. तरी मालिकेत बढाई नाही. धुकं, पाखरं, ऋतू, आणि मधेच एखादा मासा. 2018 पासूनच्या 'गॉन फिशिंग'मध्ये तर दोन विनोदी नट आहेत, बॉब मॉर्टिमर आणि पॉल व्हाइटहाऊस. दोघंही हृदयाच्या दुखण्यातून उठलेले. मित्राला घराबाहेर काढायचं म्हणून एक दुसऱ्याला नदीवर नेतो. मासा मिळो न मिळो, मरणापासून मुलांपर्यंत सगळ्या गप्पा होतात. तशा गप्पा घरातल्या सोफ्यावर होत नाहीत, हे आमच्या अण्णांबरोबर बसलेल्या कुणालाही पटेल.

कुणी म्हणेल, हे सगळं संथ, म्हाताऱ्यांसाठी. मग जेरेमी वेडची 'रिव्हर मॉन्स्टर्स' घ्या. 2009 मध्ये सुरू झालेली, तरुणांनी डोक्यावर घेतलेली. आपल्या उत्तराखंडाच्या सीमेवरच्या काली नदीतला गूंच मासा त्यात आहे. पण नीट पाहा, तिथेही मासा शेवटी येतो. आधी गावकऱ्यांशी बोलणं, पाणी समजून घेणं, फुकट गेलेले दिवस. सगळा भाग एखाद्या डिटेक्टिव्ह कथेसारखा. तरुणांना थांबता येत नाही असं नाही, थांबण्यासारखं काहीतरी समोर हवं.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाणी खरं हवं. 'द ओल्ड मॅन अँड द सी' आपल्या पिढीला पु.लं.च्या 'एका कोळियाने'मुळे ठाऊक. तिच्यावरच्या 1958 च्या फिल्ममध्ये स्पेन्सर ट्रेसीने काम छान केलं आहे, पण बराचसा समुद्र स्टुडिओच्या टाकीतला आहे आणि तो कळतो. त्यात पाण्याबाहेर झेपावणारा मार्लिन मात्र अस्सल. आल्फ्रेड ग्लासेल नावाच्या एका हौशी माणसाने 1953 मध्ये पेरूच्या किनाऱ्यावर 1560 पौंडांचा, म्हणजे सातशे किलोंवर वजनाचा मार्लिन पकडला होता, त्या वेळची दृश्यं यात वापरली आहेत. ती झेप आली की आपण खुर्चीत पुढे सरकतो, आणि टाकीचं पाणी आलं की मागे टेकतो.

आता हे मी इतक्या पोटतिडकीने का लिहिते आहे ते सांगते. 1993 च्या डिसेंबरात आमचा आतेभाऊ कुवेतहून व्हिडिओ कॅमेरा घेऊन आला. त्याने तो बांधावर एका स्टुलावर ठेवला आणि चालू करून दिला. तासाभराची टेप. अण्णा बसलेत, दोरी बोटावर आहे, आणि ते आम्हाला सांगताहेत: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. मग पाणी उतरायला लागलं की मानशीतून सुंगटं आणि बारीक मासळी बाहेर येते आणि मोठा मासा तोंडाशी टपून बसतो. तासाभरात मिळाले ते दोन काळुंदर आणि एक तांबोशी.

अण्णा गेल्यानंतर काही वर्षांनी ती टेप सीडी करायला एका दुकानात दिली. दुकानदार भला माणूस. त्याने मेहनतीने 'रिकामा' भाग कापून नऊ मिनिटांची सुटसुटीत सीडी करून दिली, वर संगीतही घातलं. तीन वेळा मासा येतो, तीन वेळा अण्णा हसतात. बोलणं एकही नाही. मूळ टेपला पावसाळ्यात बुरशी लागली, ती आता चालत नाही. पाऊणपटीचा हिशोब मला तोंडपाठ आहे, पण तो अण्णांच्या आवाजात आता कुठेच नाही. दुकानदाराला वाटलं, त्या भागात काही घडत नाही.

आणखी एक अपेक्षा. मासा मिळाल्यावर त्याचं काय होतं, तेही फिल्मने प्रामाणिकपणे दाखवावं. आम्ही खाणारी माणसं, हुमण केल्याशिवाय आमचा रविवार होत नाही. तेव्हा मी कुणाला उपदेश करत नाही. पण चोणक घ्या. हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे फिल्मवाले ज्या थोराड चोणकासाठी टाळ्या घेतात, ती बहुतेक वेळा अंडी घालणारी मादी असते. 'सगळ्यात मोठा, सगळ्यात मोठा' असं ओरडणारी फिल्म पाहणाऱ्याला नेमकं तेच मारायला शिकवते. इंदूर-धारकडच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. नर्मदेतला महाशीर मध्य प्रदेशाचा राज्य मासा आहे, पण धरणं झाल्यापासून तो दिसतो किती? खाण्यापुरता घेतला, मोठा परत सोडला, हे दाखवणारी दोन मिनिटं फिल्मला जड होत नाहीत. आणि जागेचं नाव-पत्ता सांगू नये. एका व्हिडिओनंतर त्या मानशीवर शंभर माणसं येतात, आणि तिच्यावर पोट असलेला गावचा माणूस बाजूला पडतो.

तेव्हा मंडळी, बेळगावच्या घटप्रभेवर, नर्मदेवर किंवा आमच्या मांडवीवर तुमच्या घरचं कुणी अजून गरी घेऊन बसत असेल, तर नातवंडांना मोबाइल घेऊन शेजारी बसवा. मासा लागल्यावर नाही, आमिष लावतानाच चालू करा. त्यांनी काय विचारायचं तेही सांगून ठेवा: आज तिथी कोणती, पाणी कुठे चाललंय, ही जागा कुणी दाखवली. उत्तर येईपर्यंत गप्प बसायला शिकवा. संगीत नको, वाऱ्याचा आवाज आला तर येऊ दे. आणि कधी ते कुणाकडे नीट करायला दिलंत, तर वर एक चिठ्ठी जरूर लावा: यातलं काहीही कापू नये.