नदी कुणाच्या हद्दीत?

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. 2020 च्या स्वच्छ सर्वेक्षणात 1 लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत कराड देशात पहिले आले. सफाई कामगारांचे हे श्रेय आम्ही मनापासून मान्य करतो. पण बक्षीस शहराला मिळाले, नदीला नव्हे. मार्च 2023 मध्ये याच कृष्णेत, खाली सांगलीजवळ, मासे मरून तरंगले.

कायदे कमी आहेत काय? महाराष्ट्राने 1969 मध्येच जलप्रदूषणाविरुद्ध कायदा केला आणि 1970 मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ नेमले. भोपाळच्या वायुकांडानंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्यात 5 वर्षांपर्यंत कैद होती. 2023 च्या जनविश्वास कायद्याने ती काढून 10 हजार ते 15 लाख रुपये दंड ठेवला. मोठ्या कारखान्याला हा दंड म्हणजे धंद्याचा आणखी एक खर्च! कारखानदारी वाढत असताना पहारा कडक व्हायला हवा होता. इथे पहारेकऱ्याची काठीच काढून घेतली.

गावाचे सांडपाणी ग्रामपंचायतीचे किंवा पालिकेचे, कारखान्याचे मंडळाचे, धरणाचे पाणी पाटबंधारे खात्याचे, परवानगी मुंबई-दिल्लीची. जाब विचारायला जावे तर प्रत्येक जण शेजारचे दार दाखवतो.

आणि आम्ही? वाहत्या नदीकाठीही वजूचे पाणी उधळू नये, ही शिकवण आम्ही मस्जिदीच्या नळापुरतीच ठेवली. बकरी ईदला कुर्बानीचा कचरा नाल्यात गेला की ओरड होते. ही ओरड द्वेषाची आहे, असे म्हणून आम्ही मोकळे होतो. कधी ती द्वेषाची असेलही. पण म्हणून नाला पाक होत नाही. आधी आपला मोहल्ला नीट ठेवू, म्हणजे इतरांना जाब विचारताना आमची मान खाली जाणार नाही.

तो विचारण्याची जागाही आहे. 2006 च्या अधिसूचनेनुसार अनेक मोठ्या प्रकल्पांना परवानगीपूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते. 30 दिवस आधी नोटीस निघते, प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेत मिळतो. मराठी आमची मातृभाषा आहे, असे आम्ही प्रत्येक संमेलनात ठासून सांगतो. मग तो मराठी सारांश वाचून सुनावणीत उभे राहायला आमच्यातले कितीजण जातात? नदीचा प्रश्न 'त्यांचा' आहे, असे समजून घरी बसणाऱ्यांच्या नळालाही पाणी त्याच कृष्णेचे येते.