बेनाम बी आणि चार रोपांचा हिशेब

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, हे आता पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनाही पाठ झालंय. फोनवर थंडी-बर्फाची चौकशी झाली की पुढचा प्रश्न हमखास येतो, "तुमच्याकडे म्हणे दुकानात मिळतो?" हो, मिळतो. पण त्याहून मोठी गंमत म्हणजे तो टोमॅटो-मिरचीच्या शेजारी परसात लावताही येतो. एका घराला चार रोपं. माणशी नव्हे हं, घराला. घरात दोघं असोत की सहा, रोपं चारच.

गांजा चांगला की वाईट हा वाद आज नको. त्यावर दोन्ही बाजूंनी भरपूर लिहून झालंय. मला बोलायचंय ते या ‘चार’ आकड्याबद्दल. माझं स्पष्ट मत असं की, हा आकडा ज्या पद्धतीने मोजला जातो ती पद्धत कंपनीचं नावाजलेलं बी विकत घेणाऱ्याच्या सोयीची आहे, आणि मित्राने कागदाच्या पुडीत बांधून दिलेलं बेनाम बी लावणाऱ्यावर ती अन्याय करते. आणि बेनाम बी टिकायला हवं असं मला वाटतं.

आधी हे बेनाम बी येतं कुठून ते सांगतो. इथे एका प्रौढाने दुसऱ्याला ३० ग्रॅमपर्यंत वाळलेला गांजा किंवा तेवढ्याच मापाचं काही फुकट दिलं तर चालतं. कायद्याच्या तक्त्यात एक बी म्हणजे एक ग्रॅम धरलंय. म्हणजे कोणाच्या रीतसर लावलेल्या झाडाला गेल्या मोसमात बी धरलं असेल, तर तो तीस बिया मित्राला देऊ शकतो. विकायच्या मात्र नाहीत. आणि मूळ माल बेकायदेशीर आहे हे माहीत असूनही लावला तर तो गुन्हा. (कोणी "आपल्या मातीतलं बी" म्हणून भारतातून आणायचा विचार करत असेल तर तो आत्ताच सोडून द्या. सरहद्द ओलांडून आत आणणं किंवा बाहेर नेणं, दोन्ही गुन्हेच.)

तर अशी पुडी हातात आली. जात माहीत नाही, उंची किती होईल माहीत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, नर की मादी तेही माहीत नाही. ज्यांच्या घरी पपई लावलेली असेल त्यांना हे लगेच कळेल. पपईच्या बियाकडे बघून नर-मादी सांगता येत नाही. म्हणून आपला शेतकरी एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावतो, फुलं दिसली की जास्तीचे नर उपटतो. गांजाचंही तेच. हवी ती फुलं मादी झाडाची. नर झाडाचे परागकण वाऱ्यावर उडतात आणि एक नर राहून गेला तर आपलीच नव्हे, शेजाऱ्याचीही झाडं बियांनी भरतात. झाडाचं लिंग ओळखू येतं ते साधारण जुलैत, पेऱ्यापाशी. दोन पांढरे केस दिसले तर मादी, बारीक गोळ्या दिसल्या तर नर. क्वचित एकाच झाडावर दोन्ही!

आता इंजिनियरच्या सवयीने थोडं गणित. बी नर निघेल की मादी हे नाणेफेकीसारखं धरा. चार बिया लावल्या, चारही उगवल्या, तर चारही मादी निघण्याची शक्यता सोळात एक. चारही नर निघण्याचीही तेवढीच! निदान तीन मादी मिळण्याची शक्यता फक्त ३१ टक्के. याउलट आठ रोपं वाढवून लिंग कळल्यावर चार ठेवायची मुभा असती, तर तीच शक्यता ८५ टक्क्यांच्या वर जाते. बी तेच, माती तीच, शेवटी ठेवायची झाडंही चारच. फरक फक्त मोजणी कधी करायची याचा.

कोणी म्हणेल, नर उपटा आणि त्या जागी दुसरं बी पेरा. कायद्याला ते चालतं, पण उन्हाळ्याला चालत नाही. हे झाड रात्र मोठी व्हायला लागली की फुलायच्या मागे लागतं. जुलैच्या शेवटी पेरलेलं रोप वीतभर असतानाच फुलोऱ्याची वेळ येते आणि ऑक्टोबरात फ्रॉस्ट पडतो. घरात दिव्याखाली वाढवणाऱ्यांना हे दुखणं नाही, त्यांचा दिवस-रात्र त्यांच्या टायमरवर. उघड्यावर वाढवणाऱ्याला वर्षातून एकच डाव मिळतो. पानाचा तुकडा पाठवून लिंग सांगणाऱ्या प्रयोगशाळा आहेत म्हणा, पण फुकटच्या बियाला विकतची तपासणी म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

कंपनीच्या पाकिटवाल्याला यातली एकही काळजी नाही. मादी झाडावर चांदीच्या क्षाराचं द्रावण फवारून त्याच्याकडूनच परागकण करवून घेतात. दोन्हीकडून मादीच असल्यामुळे बी जवळपास शंभर टक्के मादी. नाहीतर सरळ कलम घ्यायचं. चार लावली, चार मिळाली. म्हणजे कायदा सगळ्यांना चार म्हणतो, पण पाकिटवाल्याला चार देतो आणि पुडीवाल्याला सरासरी दोन.

"मग घ्या ना पाकीट! नावाचं बी म्हणजे खात्री." हा युक्तिवाद मी खूप ऐकलाय. त्या नावांचीच खात्री कितपत आहे बघा. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी गांजाच्या ८१ नमुन्यांची जनुकं तपासली. एकाच नावाचे नमुने एकमेकांपेक्षा भलत्याच नावाच्या नमुन्यांशी जास्त जुळतात असे बरेच प्रकार निघाले. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या दुकानांतल्या नमुन्यांवर झालेल्या अभ्यासातही नाव एक आणि जनुकं वेगळी असं दिसलं. ‘सॅटिव्हा’ आणि ‘इंडिका’ या पाट्यांचंही तेच. लिनियसने १७५३ मध्ये पहिलं नाव दिलं, लामार्कने १७८५ मध्ये भारतातल्या झाडांवरून दुसरं. आज दुकानात त्या पाट्या ज्या अर्थाने लावतात त्याच्याशी या दोघांचा फारसा संबंध उरलेला नाही. थोडक्यात, पुडीवर नाव नाही एवढाच फरक असतो पुष्कळदा! (गुंगीचं प्रमाण मात्र कोणत्याही घरच्या झाडाचं तपासलेलं नसतं. तेव्हा जपून, आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवून.)

बेनाम बियाची खरी किंमत दुसरीकडेच आहे. आपल्याकडे हापूस म्हणजे कलम, प्रत्येक झाड एकाच आईची नक्कल. रायवळ आंबा मात्र बाठ्यातून येतो, दर झाडाची चव वेगळी. शंभरातले नव्वद आंबट निघतील, पण उद्या नवा रोग आला तर तगणारं झाड त्या रायवळातच सापडायची आशा. गांजाचंही असंच. पुडीतल्या बियांपैकी एखाद्याचा पूर्वज उष्ण प्रदेशातला असेल तर ते झाड टोरांटोत ऑक्टोबर आला तरी फुलतच बसेल आणि फ्रॉस्टमध्ये जाईल. दुसरं सप्टेंबरच्या ओल्या हवेत करड्या बुरशीने सडेल. तिसरं मात्र वेळेत तयार होईल. त्या तिसऱ्याचं बी धरायचं, पुढल्या वर्षी तेच लावायचं, पुन्हा निवडायचं. जगातलं प्रत्येक गावठी वाण असंच तयार झालंय. पण बी धरायचं तर नर हवा, आणि चारच्या हिशेबात नरही एक पूर्ण रोप! म्हणजे कोट्याचा पाव भाग त्याच्यावर खर्च. मग बी धरणार कोण? कंपनी. आणि आपण दरवर्षी पाकीट घेणार.

नर वेगळा काढण्याचं ज्ञान काही नवं नाही. एकोणिसाव्या शतकात बंगालात नौगावकडे गांजाची शेती होती, तिथे नर झाडं हुडकून काढणारे खास जाणकार असत. त्यांना परखदार म्हणत, साहेबाच्या भाषेत ‘गांजा डॉक्टर’. शेतकरी भरपूर रोपं लावी, परखदार येऊन नर दाखवी, मग ते उपटले जात. सरकार शुल्क घेई ते तयार मालाच्या वजनावर. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने हजाराहून जास्त साक्षी घेतल्या आणि सरसकट बंदी नको असा निष्कर्ष काढला. ते सरकार काही आपलं हितचिंतक नव्हतं, पण मोजायचं काय हे त्याला कळत होतं.

उपाय अवघड नाही. याच कॅनडाच्या कायद्यात फुलोऱ्यावर आलेलं झाड आणि न आलेलं झाड असा भेद आधीच आहे. सार्वजनिक जागी फुलोऱ्यावरचं झाड बाळगायला बंदी आहे, तशी न फुललेल्या रोपांना नाही. मग घरच्या मोजणीतही तोच भेद का नको? कोलोरॅडोत २०१२ पासून सहा रोपं आणि त्यातली फुलोऱ्यावरची जास्तीत जास्त तीन असा नियम आहे. इथेही आठ रोपं आणि फुललेली मादी चार, असं करता येईल.

यावरचा आक्षेप मला मान्य आहे. पोलिसाला चार मोजणं सोपं, नर-मादी बघणं कठीण. आठाच्या नावाखाली कोणी आठही फुलवील. पण फुलं दुरून दिसतात, वासही लपत नाही! आणि सुलभ मोजणी हेच ध्येय असेल तर शून्य मोजणं सगळ्यात सोपं. क्विबेकने तेच केलं आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी वैध ठरवली. उलट मॅनिटोबाने तशीच बंदी २०२५ मध्ये उठवली. म्हणजे आकडे काही दगडावरची रेघ नव्हेत, बदलतात.

तोवर ज्यांना बेनाम बी लावायचंय त्यांनी चारच लावावं, जुलैत रोज पेऱ्याकडे बघावं आणि नर दिसला की शेजाऱ्यासाठी तरी उपटावा. भाड्याचं घर असेल तर आधी करारनामा वाचावा. आणि तुमचा खासदार मतं मागायला दारात आला की करांच्या तक्रारी झाल्यावर हाही प्रश्न विचारावा: रोपं पेरताना मोजायची की फुलल्यावर?