"माणसं माझी, वेळ मी ठरवणार"

जुन्नर तालुक्यातल्या एका संस्थेत ठेक्यावर साफसफाई करणाऱ्या आमच्या वस्तीतल्या अठरा भगिनींना एका संध्याकाळी कळले, की उद्यापासून कामाची वेळ सकाळी सातऐवजी साडेपाच. भिंतीवर कागद चिकटवला होता. दोघींना वाचता येत नाही. तिसरीने वाचून दाखवला. आंबेगावच्या बाजूने येणाऱ्या बायकांना साडेपाचपूर्वी एसटीच नाही. विचारले असते तर हे त्यांनी एका मिनिटात सांगितले असते. पण विचारले कोणी? दुसऱ्या दिवशी उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाची मजुरी कापली.

आम्ही ठेकेदाराकडे गेलो. तो म्हणाला, "माणसं माझी, वेळ मी ठरवणार." ही भाषा आम्ही ओळखतो. गावगाड्यात पाटलाने निरोप धाडायचा आणि महाराने हजर व्हायचे. वतन गेले, भाषा राहिली.

बाबासाहेब जुलै 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदांना त्यांच्याच काळात आकार आला. कामगार संघटनांना मान्यता देणे मालकांवर बंधनकारक करणारे विधेयक त्यांनी 1943 मध्ये मांडले. तशी दुरुस्ती 1947 मध्ये मंजूर झाली, पण अमलात कधी आलीच नाही.

त्याच वर्षीच्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगार-मालकांची संयुक्त कार्य समिती आणली, पण 100 किंवा अधिक कामगार असतील तिथेच. 1976 साली संविधानात कलम 43अ आले, व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा म्हणून. ते मार्गदर्शक तत्त्व. त्यावरून कोर्टात जाता येत नाही. म्हणजे अठरा जणींना समिती नाही.

इथे आमचेच कार्यकर्ते हात टेकतात, आणि चुकतात. पाळी किंवा कामाचे तास बदलायचे तर कामगारांना 21 दिवस आधी नोटीस द्यायची, ही तरतूद त्याच कायद्यात होती आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. तिला शंभराची अट नाही. एका रात्रीत चिकटवलेला कागद म्हणजे ती नोटीस नव्हे.

अर्थात, 21 दिवस आधी कळवणे म्हणजे विचारणे नव्हे. (आमच्या विहार समित्यांतही महिलांना निर्णयानंतरच निरोप जातो, हेही कबूल करू.) म्हणून आमच्या अर्जात दोन मागण्या आहेत: कापलेली मजुरी परत द्या, आणि वेळ ठरवण्याच्या बैठकीत या भगिनींनी निवडलेल्या दोघींना बसवा. अर्जावर अठराही जणींची नावे आहेत, दोघींचे अंगठे.