स्वस्त लायनर आणि धारूरचा घाट

कापूस जिनिंगला न्यायचा आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायचा हंगाम एकच. दसरा-दिवाळी आली की धारूरच्या घाटातून ट्रॅक्टर जाऊ लागतात. मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीत संसार, संसारावर बसलेली लेकरे. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बहुधा नसतातच. उतारावर मागचे सगळे वजन ट्रॅक्टरला ढकलते. त्या वेळी सगळ्यांचा जीव ब्रेकच्या चार पट्ट्यांवर असतो.

गेल्या काही बैठकांत आम्ही गाडी चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना विचारले, पट्ट्या कुठल्या टाकता? एकाने आपल्या पिकअपला स्वस्तातले पॅड टाकले होते. सपाटीवर महिनाभर काही कळले नाही. मांजरसुंब्याच्या घाटात कापूस भरून उतरताना जळका वास आला आणि पाय दाबूनही गाडी धरेना. दुसऱ्याचे पॅड उलट इतके कडक निघाले की पॅड शाबूत राहिले अन् डिस्कच खाल्ली गेली. पॅडमध्ये वाचवले त्याच्या दुप्पट डिस्कमध्ये घातले. तिसरा म्हणाला, चार वर्षे बाहेरच्याच एका नावाजलेल्या कारखान्याचे लायनर वापरतो, तक्रार नाही. तिघेही खरेच सांगत होते.

भरलेली तीन टनांची पिकअप शंभर मीटर खोल उतरताना नुसत्या ब्रेकवर धरली, तर तेवढ्या उष्णतेत नऊ लिटर गार पाण्याला उकळी येईल. ही उष्णता सोसायची ती त्या पट्टीने. पट्टीतला चिकट पदार्थ हलका असला की तो तापून धूर सोडतो आणि पकड सुटते. म्हणून ज्या गियरात घाट चढतो त्याच गियरात उतरावे, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण बरोबरच आहे. नवे पॅड टाकल्यावरही पहिले काही दिवस रिकाम्या गाडीवर, हलक्या पायाने ते बसू द्यावे लागतात. आपल्याकडे मेस्त्रीच्या दारातून गाडी थेट मालाच्या ढिगाकडे जाते.

मग 'कंपनीचाच ओरिजिनल भाग घ्या' असे सांगावे काय? आम्ही सांगणार नाही. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देता ग्राहकाला बांधून ठेवले म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कंपन्या अपिलात गेल्या, पण बंद दुकानाचा भाव कसा ठरतो ते तेवढ्यात दिसले. कापसाला खुला बाजार मागणाऱ्यांनी पॅडसाठी बंद बाजार मागावा, हे आम्हाला पटत नाही. खुल्या बाजारात दहा कारखाने हवेतच. आमचे भांडण आहे ते एकाचा डबा छापून त्यात दुसऱ्याचा माल भरणाऱ्याशी. बोगस बियाण्याने पोळलेल्यांना हा धंदा समजावून सांगायला नको. बियाण्याचा, खताचा नमुना घ्यायला निदान निरीक्षक तरी आहे. तालुक्याच्या दुकानातून लायनरचा डबा उचलून कोणी तपासायला पाठवल्याचे आम्ही तरी पाहिले नाही.

तोवर पक्के बिल मागा. 'बिल घेतले तर भाव वाढेल' म्हणणाऱ्याचे दुकान सोडा. डबा आणि त्यावरचा बॅच नंबर जपून ठेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी बनवणाऱ्यावर, आणि ठरावीक बाबतीत विकणाऱ्यावरही, टाकता येते. पोट भरण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा या कायद्याने ग्राहकच ठरतो. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही.

टोळ्यांच्या मुकादमांशी आम्ही बोलणार आहोत: निघण्याआधी ट्रॅक्टरची चाके उघडून बघायची, आणि बायका-लेकरे दुसऱ्या गाडीने घाट उतरतील. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने जळालेले, तडकलेले लायनर आणि मिळाले तर त्यांचे डबे पोत्यात घालून आणावेत. ते पोते घेऊनच परिवहन कार्यालयात जायचे आहे.