गणवेशाचा फोटो आला की आधी शाळेला विचारा
मध्य प्रदेशातली पांढुर्णा आणि सौंसर, दोन्ही गावांची बोली मराठी. पण शाळांना आदेश येतो तो भोपाळहून. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तरी आपल्या फोनवर नागपूरकडचे मेसेज काही थांबले नाहीत. महाराष्ट्रात ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेत ढगळ, उसवलेल्या शर्टांच्या तक्रारी आल्या होत्या, त्या खऱ्याच होत्या. मात्र डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या सरकारने गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिला. तशा शर्टाचा जुना फोटो आज ‘आपल्या शाळांचा नवा नियम’ म्हणून पुढे ढकलणं ही शुद्ध फसवणूक आहे. फोटो खरा असूनही खोटं पसरतं, हे फेब्रुवारी 2022 मध्ये कर्नाटकातल्या शिवमोग्यात दिसलं. हिजाब आणि गणवेशाच्या वादात एक तरुण महाविद्यालयातल्या खांबावर चढून भगवा झेंडा लावत होता. ‘तिरंगा उतरवला’ अशी ओळ त्या व्हिडिओला चिकटली, मोठ्या नेत्यांनीही ती उचलून धरली. पोलिसांनी सांगितलं, खांबावर तिरंगा नव्हताच. तोवर ती ओळ देशभर पोचली होती. अशा भांडणात शाळकरी मुलींचे चेहरे गावोगाव फिरतात, याची मला फार चीड येते. पालकांनो, मेसेज आला की शर्टावरचं शाळेचं नाव आणि फोटोची तारीख बघा, थेट मुख्याध्यापकांना फोन करा. आणि मुलांचा चेहरा दिसत असेल तर तो फोटो कुणालाच पाठवू नका.