जनुकीय चाचणी नेमकी कोणाला हवी?

परवाच्या ओपीडीत एक गृहस्थ आले. वय बावन्न, चांगली नोकरी. मुलाने ऑनलाइन मागवलेल्या लाळेच्या चाचणीचा पंधरा-वीस पानांचा रिपोर्ट त्यांनी टेबलावर ठेवला. ‘‘डॉक्टर, बीआरसीए निगेटिव्ह आलंय. म्हणजे आता कॅन्सरची काळजी नाही ना?’’ हे विचारताना त्यांचे तोंड नीट उघडत नव्हते. तपासले तर गालाच्या आतली त्वचा पांढुरकी आणि ताठर झालेली. वीस वर्षांपासून सुपारी आणि तंबाखू.

त्याच रांगेत मागे छत्तीस वर्षांची एक बाई होती. स्तनाचा कर्करोग, बायोप्सीने निदान पक्के झालेले. सोबत धाकटी बहीण. आई याच आजाराने चाळिशीत गेली. मावशी ‘पोटात पाणी होऊन’ गेली, म्हणजे बहुधा बीजाशयाचा कर्करोग. या घराला जनुकीय चाचणीची खरी गरज. पण ती कोणी सुचवली नव्हती आणि आमच्या रुग्णालयात तिची सोयही नाही.

कर्करोगाच्या जनुकीय चाचण्यांच्या जाहिराती आता मोबाइलवर रोज दिसतात. त्यामुळे ही चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे नीट समजून घ्यायला हवे.

आपल्या प्रत्येक पेशीत वाढीला गती देणारी जनुके असतात, तशी वाढ रोखणारीही असतात. त्यांना ट्यूमर सप्रेसर किंवा अर्बुदरोधक जनुके म्हणतात. घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक म्हणा. पेशीतील डीएनए बिघडला तर ही जनुके विभाजन थांबवतात, दुरुस्ती करतात आणि दुरुस्ती शक्य नसेल तर त्या पेशीला मरायला लावतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एक प्रत बिघडली तरी बहुतेक वेळा दुसरी काम निभावते. दोन्ही गेल्या की पेशीला आवर राहत नाही.

हे पहिल्यांदा मांडले अमेरिकेतील डॉ. आल्फ्रेड नुडसन यांनी, १९७१ मध्ये. डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग, म्हणजे रेटिनोब्लास्टोमा, झालेल्या ४८ मुलांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. काही मुलांना तो फार लवकर आणि अनेकदा दोन्ही डोळ्यांत होत होता. या मुलांत एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली असते, त्यामुळे दुसरी बिघडली की आजार सुरू, असा त्यांचा तर्क होता. १९८६ मध्ये ते जनुक सापडले आणि तर्क खरा ठरला. (लहान मुलाच्या फोटोत बुबुळ पांढरे चमकताना दिसले तर नेत्रतज्ज्ञाला ताबडतोब दाखवा. वेळेत निदान झाले तर मूल वाचते.)

पहिल्या फटक्याचे दोन मार्ग असतात, हे यातून कळते. काही थोड्या घरांत तो जन्माबरोबर येतो. बाकीच्यांत तो आयुष्यात कधीतरी बसतो. सर्व कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात. उरलेल्यांत जनुके बिघडतात ती वाढत्या वयाने, योगायोगाने, सवयींमुळे, प्रदूषणामुळे किंवा विषाणूंमुळे. लाळेची किंवा रक्ताची चाचणी पाहते ती जन्मापासून असलेला दोष. गालाच्या आतल्या पेशींत वीस वर्षांच्या तंबाखूने काय केले, हे तिला दिसत नाही. त्या गृहस्थांचा रिपोर्ट खोटा नव्हता. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते, इतकेच.

मानवी कर्करोगांत सर्वाधिक वेळा बिघडलेले सापडणारे जनुक म्हणजे पी५३. जवळपास निम्म्या कर्करोगांत त्यात दोष आढळतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या कर्करोगात हे जनुक ज्या जागी जास्त बिघडते, नेमक्या त्याच जागी सिगारेटच्या धुरातील बेंझोपायरीनपासून बनणारे रसायन चिकटते, हे १९९६ मध्ये प्रयोगशाळेत दिसले. तोंडाच्या कर्करोगातही पी५३ बिघडलेले अनेकदा सापडते, आणि भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोच आहे. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. तरी मावा, खर्रा, मिसरी यांच्या खुणा आम्ही रोज पाहतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तर जनुक बहुधा शाबूत असते. एचपीव्ही हा विषाणू आपल्या दोन प्रथिनांनी पेशीतील पी५३ आणि रेटिनोब्लास्टोमाचे प्रथिन निकामी करतो. ब्रेक जागेवर असतात, पण लागत नाहीत. भारतात २०२२ मध्ये या कर्करोगाचे अंदाजे १ लाख २७ हजार नवे रुग्ण होते आणि सुमारे ८० हजार महिलांचा मृत्यू झाला. त्याला रोखणारी लस पुण्यात बनते आणि ९ ते १४ वर्षांच्या मुलींना ती द्यावी, असे धोरणही जाहीर झाले आहे. हजारो रुपयांची जनुकीय चाचणी मागवणाऱ्या घरातील मुलीला ही लस दिली आहे का, असे मी आता आवर्जून विचारतो. उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असते.

मग चाचणी कोणाला हवी? स्तनाचा कर्करोग पन्नाशीच्या आत झाला असेल, दोन्ही स्तनांत झाला असेल, पुरुषाला झाला असेल, बीजाशयाचा कर्करोग कोणत्याही वयात झाला असेल किंवा एकाच बाजूच्या नात्यात दोन-तीन जणांना झाला असेल, तर डॉक्टरांशी बोलावे. चाचणी शक्यतो आधी रुग्णाची करावी. तिच्यात दोष सापडला तरच नातेवाइकांत नेमके काय शोधायचे हे कळते. बीआरसीए १ किंवा २ मध्ये जन्मजात दोष असलेल्या स्त्रीला ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. हा दोष वडिलांकडूनही येतो, आणि मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून माहेरच्या आजारांइतकेच वडिलांच्या बहिणींचे आजारही विचारायला हवेत. दोष कळला तर लवकर तपासण्या सुरू करता येतात, काही शस्त्रक्रियांचा विचार करता येतो, आणि आधीच आजारी असलेल्या रुग्णाला ओलॅपरिबसारख्या औषधाचा उपयोग होऊ शकतो.

चाचणीत अडचणीही आहेत. कित्येक रिपोर्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल निघतो, आणि तो समजावणारे कोणी नसेल तर बाई वर्षभर झोपत नाही. जगातील जनुकीय माहितीत आपली माणसे कमी असल्याने असे निकाल आपल्याकडे जास्त येतात. जानेवारी २०२५ मध्ये जीनोम इंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती संशोधकांना खुली केली. निरोगी माणसांतही सर्रास आढळणारा बदल निरुपद्रवी असण्याची शक्यता मोठी, त्यामुळे कोडी सोडवायला ही माहिती उपयोगी पडेल. दुसरी अडचण विम्याची. अमेरिकेने जनुकीय माहितीवरून भेदभाव रोखणारा कायदा २००८ मध्ये केला. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही.

थोडे आमच्याबद्दलही. केसपेपरवर घराण्यातील आजारांसाठी एक ओळ असते. दीडशे रुग्णांच्या गर्दीत मीही वर्षानुवर्षे तिथे ‘विशेष काही नाही’ असे लिहीत आलो. त्या बाईच्या जुन्या कागदावर, आठ महिन्यांपूर्वीच्या तारखेखाली, माझ्याच अक्षरात तेच लिहिलेले होते. आई आणि मावशीबद्दल विचारायला मला दोन मिनिटे लागली असती.

यंत्रे येतील तेव्हा येतील. निदान प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात प्रशिक्षित समुपदेशक असावा, निकषात बसणाऱ्या गरीब रुग्णांची चाचणी सरकारी योजनेत बसावी आणि नमुने मोठ्या केंद्राकडे पाठवण्याची सोय व्हावी, एवढी मागणी अवास्तव नाही.

दोघी बहिणींना मुंबईच्या केंद्रासाठी चिठ्ठी दिली आहे. धाकटीची मजुरी दोन दिवस बुडेल; तरी जाते म्हणाली. त्या गृहस्थांना तोंडाच्या बायोप्सीची तारीख दिली आणि तंबाखू सोडण्यासाठीचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक लिहून दिला. रिपोर्ट त्यांनी पिशवीत घातला. तंबाखूची डबी मात्र मी टेबलावर ठेवून घेतली.