टोळीचा मेसेज खोटा असतो, तरी गावाला खरा का वाटतो?

‘आपल्या भागात पोरं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा, सगळ्या ग्रुपला पाठवा.’ हा मेसेज एकदाही आला नाही असा मोबाईल ग्रामीण भागात शोधून सापडायचा नाही. मजकूर तोच असतो, तालुक्याचं नाव तेवढं बदलतं. पोलीस दरवेळी ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असं पत्रक काढतात आणि लोक दरवेळी विश्वास ठेवतात.

याची किंमत काय, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार होता. मंगळवेढा भागातून भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं एसटीतून उतरले. त्यातला एक जण लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढं निमित्त झालं. पाचही जणांना ग्रामपंचायतीत नेऊन जमावाने ठेचून मारलं. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असेच गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंग्याला पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंनी एका पोराला रस्ता विचारला आणि मार खाल्ला. नशीब, जीव वाचला.

‘लोक अडाणी आहेत’ म्हणून विषय संपवणं सोपं आहे, पण ते खरं नाही. हे मेसेज पुढं ढकलणाऱ्यांत मास्तर, इंजिनिअर, बँकेतले साहेब सगळे असतात. सगळा दोष मोबाईललाही देता येत नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, तेव्हा व्हॉट्सअॅप कुठं होतं?

मग कारण काय? माझ्या मते पहिलं कारण हिशोबाचं आहे. आई-बाप मनात एवढाच हिशोब करतात की मेसेज खरा असेल तर पोर वाचेल, आणि खोटा असेल तर पाठवून बिघडलं काय? घरापुरता हा हिशोब बरोबरही आहे. रानात दोरी दिसली तरी आपण साप समजून मागं सरतोच की. पण दोरीला साप म्हटल्यानं दोरीचं काही जात नाही. इथं समोर माणूस असतो, आणि चुकीची किंमत मेसेज पाठवणारा देत नाही, ती परगावचा वाटसरू देतो.

दुसरं कारण पुन्हा पुन्हा ऐकण्याचं. १९७७ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगातून दाखवलं की तेच वाक्य परत कानावर पडलं की ते जास्त खरं वाटायला लागतं, मग ते खरं असो वा नसो. आता बघा, एकच मेसेज भावकीच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर येतो. आपण म्हणतो, ‘तीन ठिकाणांहून आलाय.’ तीन ठिकाणं नसतात, एकच मेसेज तीन वाटांनी येतो. त्यातून पाठवणारे मामा असले तर ‘मामा, हे खोटं आहे’ असं सगळ्यांसमोर लिहायचं कुणी? भाचा गप्प बसतो, आणि मामांना वाटतं सगळ्यांना पटलं.

गॉर्डन पेनीकूक आणि डेव्हिड रँड या संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. बातमी खरी की खोटी असं सरळ विचारलं तर लोक बऱ्यापैकी बरोबर ओळखतात, पण पुढं पाठवताना तो प्रश्न त्यांच्या डोक्यातच नसतो. बोट आधी चालतं. २०१८ चा गाजलेला व्हिडिओ आठवा. मोटरसायकलवरचे दोघं रस्त्यावरून पोर उचलून नेतात. तो कराचीतल्या एका संस्थेच्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. शेवटी ते पोर परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करतात. तेवढाच शेवट कुणीतरी कापला होता.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पाठवायची मर्यादा घातली. वेग थोडा कमी झाला असेल, भीती तिथंच आहे.

अफवेचा फटका आपल्या धंद्यालाही बसतो. कोंबडीतून कोरोना होतो, ही २०२० च्या सुरुवातीची अफवा पोल्ट्रीवाले अजून विसरले नाहीत. दर उत्पादन खर्चाच्या कितीतरी खाली गेले, शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात तर एका पोल्ट्रीवाल्याने हजारो कोंबड्या जिवंत पुरल्या. तो मेसेज पाठवणाऱ्यांत कोंबडी न पाळणारे शेतकरीही होतेच.

पण पोरांच्या अफवेत अजून एक गोष्ट आहे, जिच्याकडं फारसं कुणी बघत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर अल्पवयीन मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवतात. आधी कलम ३६३ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १३७. रागावून मामाच्या गावाला गेलेलं पोर असो की लग्नासाठी घर सोडलेली सतरा वर्षांची मुलगी, कागदावर ‘अपहरण’. आदेश योग्यच आहे, त्यामुळं शोध लगेच सुरू होतो. पण बातमीत ‘तालुक्यात पुन्हा एक अपहरण’ असा मथळा येतो. पोर चार दिवसांत सापडतं, त्याची बातमी होत नाही. मग टोळीचा मेसेज आला की माणूस म्हणतो, आग असल्याशिवाय धूर निघतो का? त्याच्या डोक्यात तो पेपरातला मथळा असतो.

आणि संशय नेमका कुणावर जातो? भगवे कपडे, झोळी, वेगळी बोली, पाल ठोकून राहणारा. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं. कायदा १९५२ ला गेला, नजर अजून तीच आहे. गाडीतून आलेल्या पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला कुणी ‘कुठला रे तू?’ असं विचारत नाही.

‘विश्वास ठेवू नका’ एवढ्या पत्रकाने हे थांबायचं नाही. प्रत्येक पोलीस ठाण्याने दर महिन्याला किती मुलं हरवली, किती सापडली, कुठं आणि कशामुळं गेली होती, हे नावं न देता गावाच्या ग्रुपवर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर टाकावं. पोलीस पाटलांमार्फत हे काम तासाभराचं आहे. माहिती ठाण्यातच असते. ग्रामसभेत ती मागायला मात्र कुणी उठत नाही.